झोळीतलं लेकरू

हिरकणीची गोष्ट ऐकत आपण सगळ्याजणी मोठ्या झालो. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरी भुकेलं तान्हं, आणि तो सरळसोट कडा. तिच्या नावाचा बुरूज आजही गडावर दाखवतात. महाराष्ट्रात एस.टी. स्टँडवर लेकराला पाजायला जी खोली असते, तिचं नावही हिरकणी कक्ष. गोष्टीत इतिहास किती आणि लोकांची भर किती, तो वाद राहू द्या. मला एवढंच दिसतं, की लेकरू घरी राहिलं म्हणून कडा उतरावा लागला. ज्या बायकांनी ते अंगाशी बांधूनच नेलं आणि चालता चालता पाजलं, त्यांच्या नावाचा बुरूज कुठे नाही.

आपल्याकडे अंबिका आहे. तिची कथा तुम्हाला माहीत आहेच. उपाशी मुनींना आहार दिला म्हणून सासरच्यांनी घराबाहेर काढलेली बाई, दोन मुलं घेऊन गिरनारच्या वाटेला लागलेली. वाटेत मुलं तहानभुकेनं रडू लागली, तेव्हा कोरडं तळं भरलं, वठलेल्या आंब्याला फळं आली. वेरूळच्या बत्तीस नंबरच्या लेण्यात ती आंब्याखाली सिंहावर बसली आहे. आपण तिला यक्षी म्हणून हळदकुंकू वाहतो, पण आधी ती रस्त्यावर आलेली लेकुरवाळी होती, हे सहसा कुणी बोलत नाही.

देवीची गोष्ट सोडा. आपल्या दख्खनेत अशा बायका शेकडो वर्षं होत्या आणि आहेत. लमाण. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिऱ्यांसाठी गोवळकोंड्याला येत असे. धान्य नाहीतर मीठ लादलेल्या दहा-बारा हजार बैलांचे तांडे त्यानं पाहिले. या लोकांना घरं नाहीत, बायकामुलं बरोबरच असतात, असं तो लिहितो. एवढा मोठा तांडा एका तान्ह्यासाठी थांबत नसणार, हे कळायला प्रवासी कशाला हवा! मूल झोळीत, झोळी आईच्या अंगावर, हात मोकळे. पुढे रेल्वे आली, बैलांचं काम गेलं. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अनेक भटक्या जमातींवर पोलिसांची हजेरी बसली. तांडे स्थिरावले, बायका खडी फोडायला आणि पाट्या उचलायला लागल्या. झोळी मात्र तीच राहिली.

कपड्यांचंही बघा. आपल्या आज्यांची चोळी पुढे गाठ मारायची असे. एका हातानं गाठ सुटते, वर पदर आहेच. पाजायचं कसं हा प्रश्नच पडत नसे. मागे चेन लावलेले ड्रेस आले आणि पाजायला खोली शोधायची वेळ आली.

आई आणि लेकरू खऱ्या अर्थानं तुटले ते गिरण्यांत. मुंबईच्या गिरणीत मूल नेता येईना, आणि घरी सांभाळायला कुणी नसे. मग अफूची बाळगोळी. मूल झोपून राही, आई पाळी संपवून येई. इकडे तिच्या छाती दुधानं दगड व्हायच्या, आणि तिकडे उपाशी मूल रडायचंही विसरायचं. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. 1929 ला कायदा झाला. देशभरचा कायदा 1961 ला झाला. त्यात मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायला सुटी दिली गेली. ही तरतूद आपल्यापैकी किती नोकरदार मुलींनी मागून घेतली आहे?

आता आमच्या दिलसुखनगरचं सांगते. लग्न होऊन इथे आले तेव्हा मेट्रो नव्हती, ती 2018 ला आली. पण नलगोंडा-विजयवाड्याचा रस्ता इथूनच, म्हणून सकाळी कामाला उतरणाऱ्या बाया तेव्हाही होत्या. जुन्या साडीचा तुकडा एका खांद्यावरून आडवा, गाठ पाठीमागे, लेकरू पुढे. बस पकडताना, रस्ता ओलांडताना ते पीत असतं. मी एकीला विचारलं, थोडं बसून का नाही पाजत? ती हसली. "रुके तो हाजरी कटती, अम्मा." नीट पाहिलं तर लक्षात आलं, पाजताना ती झोळी जरा खाली घेते, तोंड पदराखाली झाकलं तरी नाक मोकळं ठेवते, आणि पिऊन झालं की लेकराला उभं करून गाठ पुन्हा वर ओढते. हनुवटी छातीवर दुमडू द्यायची नाही, हे आज बालरोगतज्ज्ञ सांगतात. तिला ते तिच्या आईनं सांगितलं असणार.

1960 च्या दशकात अॅन मूर नावाची अमेरिकन नर्स आफ्रिकेत टोगोला गेली. तिथल्या आया मुलं अंगाला बांधतात हे पाहून तिनं घरी परतल्यावर आईकडून तशी पिशवी शिवून घेतली, 1969 ला पेटंट घेतलं, आणि ती जगभर खपली. तीच कल्पना आता आमच्या सुना मॉलमधून हजारो रुपयांना आणतात. घ्या की, जरूर घ्या. पण बांधकामावरची झोळी बघून नाक मुरडू नका.

बांधकाम मजुरांचा 1996 चा कायदा म्हणत असे, पन्नासहून अधिक बायका कामावर असतील तर पाळणाघर हवं. आमच्या गल्लीतल्या चार मजल्यांच्या बांधकामावर बायका असतात सहा. तिथं ही अट लागूच होत नसे. मग लेकरू कधी वाळूच्या ढिगावर झोपतं, कधी झोळीत.

आणि आपल्या घरचं? एका चातुर्मासात प्रवचन चालू असताना एका सुनेनं पदराखाली मूल घेतलं. कार्यकर्त्यांनी तिला उठवून चपला ठेवायच्या खोलीत पाठवलं. तिथं पंखा नव्हता, महाराजांचा आवाजही येत नव्हता. मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. बायकांच्याच बाजूनं विरोध झाला, "वडीलधारी बसलेली असतात." मी वेरूळच्या अंबिकेचा फोटो पुढे ठेवला. तासभर चर्चा झाली. शेवटी सभागृहातच, खांबामागे, दोन गाद्या आणि एक पंखा मिळाला. यंदा तिथं तिघीजणी बसतात, आणि प्रवचन त्यांना पूर्ण ऐकू येतं.