काचेपलीकडचा म्युलर

मुंबईच्या पहिल्या प्लेगचे सरकारी अहवाल वाचताना एक गोष्ट आधी खटकते आणि मग डोक्यातून जात नाही. प्लेगच्या इस्पितळात राबणारी माणसं जेवढी मरायला हवी होती, तेवढी मेली नाहीत.

मांडवीतली साथ सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ओळखली. रोगी आर्थर रोडच्या इस्पितळात जाऊ लागले. तिथं डॉ. नसरवानजी चोक्सी होते. तिथं गेलेला माणूस परत येत नाही, अशी गावभर बोलवा झाली आणि ऑक्टोबरअखेर गिरणी कामगारांचा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला. शिवला की लागला, अशी धास्ती होती. सरकारचीही समजूत फारशी वेगळी नव्हती. घरं धुणं, कपडे जाळणं, माणसं उचलून नेणं हे सगळं त्याच समजुतीतून चाललं होतं.

आणि तरी १८९८-९९च्या प्लेग कमिशनपुढे आलेला पुरावा उलटंच सांगत होता. रोग्याला उचलून खाटेवर ठेवणारे, त्याची घाण काढणारे, उशाशी बसून पाणी पाजणारे नातलग, यांना इस्पितळात प्लेग क्वचितच झाला. प्लेगच्या दिवसांत प्लेगचं इस्पितळ ही शहरातली त्यातल्या त्यात सुरक्षित जागा होती, असा त्याचा अर्थ. आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही. गाठीच्या प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो. धुतलेल्या फरशीवर, कपडे बदललेल्या रोग्याजवळ पिसू नसेल तर गाठीचा रोगी शेजाऱ्याला फारसं काही करत नाही. पण तेव्हा हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की आपण रोज आत जातो आणि रोज धड परत येतो. अशा अनुभवातून येणारा धीर फसवा असतो.

तो फसवा आहे, याचा दाखला मुंबईतच मिळाला होता. जानेवारी १८९७मध्ये जे. जे. इस्पितळातले डॉ. मॅन्सर आजारी पडले. काखेत गाठ नाही, जांघेत गाठ नाही. ताप आणि खोकला. ते गेले आणि त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली. ग्रँट मेडिकल कॉलेजातले विकृतिशास्त्रज्ञ चाइल्ड यांनी फुप्फुसाचा प्लेग वेगळा ओळखून त्याच वर्षी त्यावर लिहिलं. गाठ नसलेला, नुसता खोकणारा रोगी न्यूमोनियाचा म्हणून साध्या वॉर्डात निजायचा, आणि थुंकीतून जंतू उडवायचा. भिण्यासारखा रोगी हा होता, आणि ओळखू न येणाराही हाच.

फेब्रुवारीत व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीनं पाठवलेले डॉक्टर मुंबईत उतरले. आल्ब्रेख्ट, गोन, प्योख आणि हर्मान म्युलर. मेपर्यंत त्यांनी रोगी तपासले, शवविच्छेदनं केली. म्युलर व्हिएन्नातल्या नॉथनागेल यांच्या क्लिनिकमधला तिशीतला डॉक्टर. मुंबईत त्यानं प्लेगचे कितीतरी रोगी हातांनी तपासले. त्याला काही झालं नाही. चौघे परतले ते सामानात जंतूंची कल्चर्स घेऊन.

पुढचं व्हिएन्नात घडलं, ऑक्टोबर १८९८मध्ये. ज्या प्रयोगशाळेत ती कल्चर्स होती, तिथं फ्रान्झ बारिश नावाचा नोकर प्रयोगाच्या जनावरांचं पाहायचा. महिन्याच्या मध्याला त्याला ताप भरला, खोकला सुरू झाला. गाठ नाही. पहिला संशय साध्या फुप्फुसदाहाचा. म्युलर त्याच्या उशाशी होता. मुंबईहून आणलेला धीर इथं उपयोगाचा नव्हता, कारण हा रोगीच दुसऱ्या जातीचा होता. १८ तारखेला बारिश गेला. खोलीतली घाण म्युलरनं स्वतः साफ केली, असं सांगतात. दोनतीन दिवसांत तो स्वतः आणि बारिशची परिचारिका आल्बिने पेखा, दोघंही आजारी पडली.

म्युलरनं स्वतःचं निदान स्वतः केलं आणि दार लावून घेतलं. बाहेरच्यांना सांगायचं ते तो कागदावर लिहून खिडकीच्या काचेला चिकटवी; बाहेर उभे राहून सहकारी वाचत. त्यातला एक मजकूर असा, की मला फुप्फुसाचा प्लेग झाला आहे, डॉक्टर पाठवू नका, चारपाच दिवसांत मी तसाही जाणार. मला यात शौर्यापेक्षा हिशेब जास्त दिसतो. बारिशच्या उशाशी बसण्याचं मोल काय पडलं ते समोर होतं. ते दुसऱ्या कुणाला पडू नये, एवढंच त्याच्या हाती उरलं होतं. मुंबईच्या इस्पितळानं जे शिकवलं नव्हतं, ते त्या काचेनं केलं: श्वास आतच ठेवला.

२३ तारखेला तो गेला. पेखा ३० तारखेपर्यंत झुंजली. तिचं नाव वृत्तांतात म्युलरच्या मागून येतं, पण बारिशच्या खाटेशी ती कर्तव्य म्हणून होती, आणि मुंबईला जाऊन आल्याचा दिलासाही तिच्याजवळ नव्हता. साथ तिच्यापाशी थांबली. शहरात पसरली नाही. गंमत म्हणजे पिसवांतून प्लेग पसरतो हे सांगणारा पॉल-लुई सिमों यांचा निबंध पॅरिसमध्ये छापून आला तोही त्याच ऑक्टोबरात. त्यांनी निर्णायक प्रयोग कराचीत केला होता. त्यावर विश्वास बसायला मात्र मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतलं, १९०५नंतरचं काम व्हावं लागलं.

म्युलरच्या खोलीत जायची तयारी दाखवणारा त्याचा मुंबईतला सोबती प्योख मात्र जगला. मुंबईच्या रोग्यांवरची म्युलरची टिपणं अपुरी राहिली होती. ती त्यानं पुरी केली आणि १९००मध्ये ‘प्लेग’ या नावाचा ग्रंथ दोघांच्या नावानं निघाला. म्युलरचं नाव आधी.