सीब्राइटची काठदार कोंबडी



कोंबडीची गोष्ट निघाली की आपला पहिला प्रश्न अंड्यांचा असतो. किती देते? केवढे देते? आज जिचा इतिहास सांगायचा आहे, ती कोंबडी या परीक्षेत साफ नापास होईल. तिचे वजन जेमतेम अर्ध्या किलोच्या थोडे वर भरते. अंडे चिमुकले, आणि तीही वर्षाकाठी थोडीच. शिवाय ही बया सहसा खुडूक बसत नाही, म्हणजे पिले काढायची तर दुसऱ्या कोंबडीच्या पोटाखाली अंडी ठेवावी लागतात. तरीही दोनशे वर्षे माणसे तिला जिवापाड जपत आली आहेत. डार्विनसारख्या शास्त्रज्ञाने तिच्याविषयी लिहून ठेवले आहे. असे तिच्यात आहे तरी काय, ते आता पाहू.

तिचे नाव सीब्राइट बॅन्टम. जावा बेटाच्या पश्चिम टोकाला बांतेन नावाचे जुने बंदर आहे. तिथे गलबते लागत, आणि खलाशी तिथल्या बुटक्या कोंबड्या विकत घेऊन बरोबर नेत. त्या बंदरावरून इंग्रजीत बुटक्या कोंबडीला बॅन्टम म्हणू लागले. सीब्राइट हे मात्र माणसाचे आडनाव. सर जॉन सीब्राइट, जन्म १७६७, मृत्यू १८४६. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात बीचवुड येथे त्यांची जमीनजुमल्याची मोठी मालमत्ता होती. १८०७ ते १८३४ पर्यंत ते पार्लमेंटचे सभासद होते, आणि १८३१ साली मतदानाच्या सुधारणेचा प्रसिद्ध ठराव मांडला गेला तेव्हा त्याला अनुमोदन देणारे तेच. माणूस राजकारणातला खरा, पण जीव गुंतलेला कुत्री, कबुतरे आणि कोंबड्यांत.

तो काळही तसाच होता. रॉबर्ट बेकवेल नावाच्या शेतकऱ्याने नुकतेच दाखवून दिले होते की, निवडक नर आणि निवडक मादी यांची जोडी पिढ्यानपिढ्या जुळवत गेले तर मेंढरे आणि गुरे आपल्याला हवी तशी घडवता येतात. सीब्राइट यांनी हीच विद्या कोंबडीवर चालवली. अंगाने बुटकी, आणि प्रत्येक पिसाला सभोवार बारीक काळी किनार असलेली कोंबडी त्यांना हवी होती. आपल्याकडे लुगड्याला काठ असतो ना, अगदी तसा काठ एकेका पिसाला! जुन्या लेखकांनी त्यांच्या संकरात नानकीन नावाची बुटकी कोंबडी आणि डोक्यावर झुबका असलेली पोलिश कोंबडी यांची नावे सांगितली आहेत. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर, १८१०च्या सुमारास, ही जात हाती आली. एक सोनेरी, एक रुपेरी. दोघींनाही काळा काठ. मग सीब्राइट आणि त्यांचे स्नेही यांनी मंडळ स्थापन केले. लंडनमध्ये ग्रेज इन कॉफीगृहात दरवर्षी ही मंडळी आपापली पाखरे घेऊन जमत आणि गुण देऊन बक्षिसे ठरवीत.

या जातीत आणखी एक नवल आहे. आपला गावठी कोंबडा पहा. मानेवर लांब झळाळती पिसे, कमरेवरून ओघळणारी पिसे, आणि शेपटीत विळ्यासारखा वाकलेला तुर्रा. सीब्राइट कोंबड्याला यातले काहीच नाही. तुरा आहे, आरवतो, भांडतो, पण पिसारा मात्र हुबेहूब कोंबडीचा. सीब्राइट यांना हेच रूप आवडले आणि त्यांनी ते पक्के केले.

हे असे का व्हावे? अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन यांनी १९१९ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. माश्यांवरील संशोधनासाठी पुढे १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे मॉर्गन. त्यांनी सीब्राइट कोंबड्याचे वृषण काढून टाकले. आता त्याचे मर्दानी रूप आणखी कमी होईल, असे आपल्याला वाटेल. झाले नेमके उलट. नवी पिसे आली ती चांगली लांब, कोंबड्याला शोभणारी! म्हणजे त्याचा साधा पिसारा वृषणाच्याच रसामुळे होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचे कोडे उलगडले. नराच्या रसाचे मादीच्या रसात रूपांतर करणारे एक द्रव्य असते. साध्या कोंबडीत ते मुख्यतः अंडाशयात तयार होते. सीब्राइटमध्ये ते कातडीतही तयार होते, कारण फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा त्या जनुकाशेजारी जाऊन बसला आणि वंशातून पुढे चालत आला. शिक्षकबंधूंनी वर्गात आनुवंशिकता शिकवताना हे उदाहरण जरूर सांगावे. मुले विसरणार नाहीत.

आता गोष्टीचा खरा पेच पुढे आहे. रूप टिकवायचे म्हणून सीब्राइट एकाच घराण्यातली जोडी जुळवत गेले. भावाला बहीण, बापाला लेक. असे केल्याने काठ पक्का झाला, ठेंगणेपण पक्के झाले. पण त्याचा धोका दुसऱ्या कोणी नव्हे, खुद्द त्यांनीच जगाला सांगितला. १८०९ साली सर जोसेफ बँक्स यांना पत्ररूपाने लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी आपला अनुभव मांडला की, अशा जवळच्या जोडीने आपली धडधाकट शिकारी कुत्री पुढे किरकोळ, अशक्त झाली. कोंबड्यांचेही तेच झाले. पाय लांबले, अंग रोडावले, पिलांची संख्या घटली. पुढे डार्विन यांनी ही पुस्तिका बारकाईने वाचली. कडाक्याचा हिवाळा आणि अन्नाचा तुटवडा दुबळ्या जनावरांना गाळून टाकतात, तेव्हा निसर्गही निवडच करीत असतो, हा विचार तीत आलेला आहे.

डार्विन यांनी १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात सीब्राइट कोंबड्यांची पुढची अवस्था नोंदवली. मूळ घराण्यातल्या रुपेरी कोंबड्यांची दोन घरटीभर अंडी उबवायला ठेवली, एकही पिलू निघाले नाही. ह्युइट नावाच्या जाणकाराचे निरीक्षणही त्यांनी दिले आहे. ज्या कोंबड्याच्या शेपटीची दोन पिसे अर्धा इंच जरी लांब असली, त्याच्यापासून पिले होण्याची आशा अधिक. म्हणजे पहा, प्रदर्शनात ज्या कोंबड्याचे गुण कापले जातील, तोच वंश चालवायला बरा! बक्षीस एकाला आणि वंश दुसऱ्याकडून, असा हा तिढा होऊन बसला.

मग ही जात संपली का? नाही. ती अजून आहे, पण ती टिकली ती पाळणाऱ्यांच्या शहाणपणाने. त्यांचे नियम साधे आहेत. एका कोंबड्यामागे थोड्याच माद्या ठेवायच्या. अंडी उबवायची ती हवा उबदार असताना. थोडी लांब शेपटी असलेला तेजस्वी नर पैदाशीसाठी राखून ठेवायचा. मरेकच्या रोगाला ही जात फार लवकर बळी पडते, म्हणून पिलांना पहिल्याच दिवशी लस द्यायची. आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे दुसऱ्याच्या कळपातला परका नर अधूनमधून आणायचा.

तुम्ही म्हणाल, विलायतेतल्या शोभेच्या कोंबडीशी आपला काय संबंध? संबंध जवळचा आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपल्याकडेही कितीतरी शेतकरी तो पाळू लागले. बहुतेकांची सुरुवात होते दहा-बारा पिलांनी. ती सगळी बहुधा एकाच खुराड्यातली भावंडे. मग त्यातलाच कोंबडा, त्यातल्याच तलंगा, आणि पुन्हा त्यांचीच पिले. चार पिढ्यांनी अंडी उबत नाहीत, पिले मरतुकडी निघतात, आणि आपण दोष देतो खाद्याला नाहीतर नजर लागण्याला.

यावर उपाय कठीण नाही. सोयरीक जुळवताना आपण गोत्र पाहतो, मग खुराड्यात का पाहू नये? गावातल्या तिघांनी मिळून तीन कळप ठेवावेत. माद्या आपापल्या जागी राहू द्याव्यात. नर मात्र दरवर्षी फिरवावेत. पहिल्याचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पहिल्याकडे. पायात रंगीत कडे घालावे आणि वहीत नोंद ठेवावी. ही वही शाळेतली मुलेसुद्धा आनंदाने लिहितील. यासाठी पैसा लागत नाही, फक्त शेजाऱ्याशी बोलणे लागते.

सीब्राइट यांच्या कोंबडीचा काठ एका माणसाच्या हौसेने उमटला. तिचा वंश मात्र एका खुराड्याच्या बळावर कधीच चालला नसता. कडकनाथचे असो वा आपल्या गावठी कोंबडीचे, तसेच आहे. तेव्हा यंदा कोंबडा विकायला काढण्याआधी, तो शेजाऱ्याच्या कोंबड्याशी बदलता येतो का, एवढे आधी विचारून पहा.