कशावरून? : सुरतेचा सतराव्या शतकातला चहा घरी करून पाहताना

माझ्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं : ‘पश्चिम भारतात मसाला घातलेला चहा पिण्याची परंपरा सतराव्या शतकापासून अखंड चालत आलेली आहे.’ वाक्य मला फार आवडलं होतं. हाताशी पुरावा होता, भाषा ठाम होती, शिवाय ‘मसाला चहा पाच हजार वर्षं जुना’ असल्या फॉरवर्डपेक्षा आपण कितीतरी जबाबदारीने लिहिलंय असंही वाटत होतं. मॅडमनी खर्डा परत दिला तेव्हा ‘अखंड’ या शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल होता आणि समासात एकच शब्द : कशावरून?

त्या एका शब्दाचं उत्तर शोधण्यात चार महिने गेले. त्यातले काही दिवस घरच्या ओट्यापाशी गेले. पीएच.डी.ला नुकतीच नोंदणी केलेल्या किंवा करू पाहणाऱ्यांना ही हकिगत उपयोगी पडेल, म्हणून लिहितोय.

आधी पुरावा काय होता ते सांगतो. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ साली जहाजाने इंग्लंडहून निघाला आणि पुढे सुरतेच्या इंग्रज वखारीत राहिला. त्याचं प्रवासवर्णन १६९६ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात चहावर छोटासा मजकूर आहे. त्याचा आशय असा : इथले युरोपीय आणि देशी, दोघेही चहा पितात; डच लोकांची तर चहाची किटली चुलीवरून क्वचितच उतरते; पाण्यात काही तिखट मसाला उकळून घेतलेला चहा डोकेदुखी, मूतखडा आणि पोटातल्या मुरड्यावर गुणकारी समजतात; आणि एरवी तो खडीसाखरेबरोबर पितात, जास्त चोखंदळ माणसं लहान मुरवलेल्या लिंबांबरोबर घेतात. त्याच्याही आधी, १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानेही तिथल्या चहापानाची नोंद केली आहे.

आता मला सांगा, चहा, मसाला, साखर, लिंबू, सगळं एका परिच्छेदात आणि तेही सुरतेत! कोणाच्या तोंडून ‘अखंड’ निघणार नाही?

‘कशावरून’चं उत्तर सुचेना तेव्हा ठरवलं, हा चहा करून तर बघू. इतिहासात याला मान्यता आहे. जुने रंग, जुनी औषधं, जुने पदार्थ वर्णनावरून पुन्हा करून पाहणारे अभ्यासक आहेत. त्यांचा उद्देश ‘अगदी तसंच’ बनवणं हा नसतो. बनवताना आपण कुठे अडतो ते पाहायचं असतं. जिथे अडतो तिथे साधन गप्प असतं आणि आपण आपल्या मनाचं भरत असतो.

पहिला प्रयोग पूर्ण फसला. पातेल्यात पाणी, आलं, दोन लवंगा, आणि डब्यातली रोजची चहा पावडर. पाच मिनिटं उकळलं, गाळलं, खडीसाखर घातली, लिंबू पिळलं. रंग जरा उजळला, पण चव इतकी तुरट की जीभ टाळूला चिकटली. लोक हा हौसेने पीत असतील? मग ट्यूब पेटली. माझ्या डब्यातली पावडर म्हणजे सीटीसी. पानं चिरडून, फाडून, गोळी वळवणारं हे यंत्र विल्यम मॅकरचरने आसाममधल्या मळ्यात आणलं ते १९३०च्या सुमारास. ही पावडर झटपट आणि भरपूर उतरते. दूध-साखरेपुढे टिकेल असा कडकपणा तिच्यात असतो. दुधातली प्रथिनं तिचा तुरटपणा बांधून ठेवतात. दुधाशिवाय ती उकळली की जिभेचं काय होतं ते मी अनुभवलंच. म्हणजे सतराव्या शतकातल्या कपात मी विसाव्या शतकातली पावडर टाकली होती. कालविपर्यास हा शब्द नेटच्या अभ्यासात पाठ केला होता, त्याची चव मात्र त्या दिवशी कळली.

मग ओव्हिंग्टनच्या काळचं पान कोणतं? त्याने १६९९ मध्ये चहावर वेगळा निबंधच लिहिला. त्यात बोही, सिंग्लो आणि बिंग असे तीन प्रकार सांगितले आहेत, तिन्ही चीनचे. आसामच्या चहाशी ब्रिटिशांची ओळख १८२३ची; सुरतेच्या कपाशी त्याचा संबंध असणं शक्यच नाही. दुसऱ्या प्रयोगासाठी मी अख्ख्या पानाचा साधा हिरवा चहा आणला. तंतोतंत तोच नव्हे, पण निदान त्या कुळातला.

इथून पुढे मात्र पावलापावलाला अडलो. ‘तिखट मसाला’ म्हणजे कोणता? मिरी, सुंठ, लवंग, दालचिनी? नाव नाही. किती? माप नाही. पान पाण्याबरोबर उकळायचं की मसाल्याचं उकळतं पाणी पानांवर ओतायचं? स्पष्ट नाही. लिंबं मिठात मुरवलेली की साखरेच्या पाकात? इंग्रजी शब्द दोन्हीकडे ओढता येतो. ज्याचं भाषांतर मी वर ‘चोखंदळ’ असं केलं, त्या शब्दाचा आजचा अर्थ ‘उत्सुक, कुतूहल असलेला’ असा आहे. पहिल्या खर्ड्यात मी तसंच भाषांतर करून मोकळा झालो होतो. शब्द ओळखीचा दिसतो तिथेच जास्त फसायला होतं. त्या काळच्या इंग्रजीत तो निवडक, नाजूक आवडीच्या माणसासाठीही वापरत.

मी सुंठ आणि मिरी घेतली, लिंबू आधी मिठातलं आणि मग पाकातलं करून पाहिलं. मिठातलं विचित्र लागलं. पाकातलं छान लागलं, पण ‘छान लागलं’ हा माझ्या जिभेचा निकाल. सुरतेच्या व्यापाऱ्याच्या जिभेबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. एक कप आईला दिला. तिने घोट घेतला आणि म्हणाली, “अरे, हा काढा आहे. चहा कुठंय यात?”

आई इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पण माझ्या खर्ड्यावरची सगळ्यात नेमकी टिप्पणी तिचीच. ओव्हिंग्टनचं वर्णन परत वाचलं. मसाल्याची गोष्ट आहे ती औषधाच्या संदर्भात. रोजच्या पिण्याच्या संदर्भात खडीसाखर आणि लिंबू आहे. दूध तर कुठेच नाही. मी दोन वेगळी वाक्यं एकत्र उकळून त्यातून ‘मसाला चहा’ गाळला होता. शिवाय तो ‘सगळ्या हिंदुस्थाना’बद्दल बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सुरतेसारखं श्रीमंत बंदर आहे, आणि आयात केलेला चिनी चहा परवडणारी माणसं आहेत. आतल्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या घरी काय उकळत होतं, हे त्याच्या पुस्तकात शोधण्यात अर्थ नाही.

मग आपला दूध घालून उकळलेला कप कुठून आला? हा रस्ता सुरतेहून येत नाही, आसामकडून येतो. १८३४ मध्ये सरकारने चहा समिती नेमली. १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये लिलाव झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं हा माल मुख्यतः परदेशी जाण्यासाठीच पिकत होता. १९०३ मध्ये निर्यातीवर उपकर बसवून प्रचारासाठी पैसा उभा केला गेला. १९३०च्या दशकात मंदीने जगातले भाव कोसळले तेव्हा मळेवाल्यांना देशातल्या गिऱ्हाइकाची खरी आठवण झाली. १९३७ मध्ये या प्रचार-संस्थेचं नाव बदलून तिच्यात ‘बाजारपेठ विस्तार’ हे शब्द आले. गौतम भद्र आणि फिलिप लुटगेनडॉर्फ या अभ्यासकांनी ही कहाणी सविस्तर लिहिली आहे.

या प्रचारात चहा ‘बरोबर’ कसा करावा याचे धडे असत : भांडं गरम करा, माणशी एक चमचा पान घ्या, ताजं उकळलेलं पाणी ओता, झाकून ठेवा, दूध-साखर नंतर. अशी सूचना साधन म्हणून हातात आली की नवखा माणूस लिहितो, ‘लोक असा चहा करत असत.’ खरं तर उलट प्रश्न विचारायला हवा : हे इतकं बजावून का सांगावं लागलं? नियम पुन्हापुन्हा छापला जातो तो बहुधा पाळला जात नसतो म्हणून. विकणाऱ्याला कपामागे जास्त पत्ती खपायला हवी होती. पिणाऱ्याला थोड्या पत्तीत जास्त रंग, जास्त चव हवी होती. पत्ती उकळणं, दूध-साखर वाढवणं, आलं ठेचून टाकणं हे सगळं ‘चुकीचं’ होतं, आणि काटकसरीचंही. पुढे स्वस्त आणि कडक सीटीसी पसरली आणि ही ‘चूक’च रीत झाली.

पण हा सगळा पुरावा बाजाराचा. घरात कोण काय घालत होतं? इथे कागद फारच अबोल होतात. पुण्यातलं पंचहौद मिशनचं प्रकरण घ्या. ऑक्टोबर १८९०मध्ये मिशनमधल्या कार्यक्रमात चहा-बिस्किटं दिली गेली. काहींनी चहा प्यायला, काहींनी नुसता हातात घेतला. मग गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं. टिळक, रानडे यांच्यासारख्यांची नावं त्यात. शंकराचार्यांकडे वाद गेला, प्रायश्चित्तं झाली. या एका चहावर महाराष्ट्रात ढीगभर लिखाण आहे. पण सगळी चर्चा कोणी दिला, कोणी घेतला यावर. त्यात आलं होतं की नव्हतं, हे विचारायचं कोणाला कारणच नव्हतं. पुरुषांचा, घराबाहेरचा, भांडणातला चहा कागदावर येतो. स्वयंपाकघरात रोज बदलत गेलेल्या चवीची नोंद करायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं.

मग मी दोन प्रकारची साधनं शोधली. पहिलं म्हणजे शब्द. लिंबाच्या वासाच्या त्या गवताला आपण ‘गवती चहा’ म्हणतो, गुजरातीत ‘लीली चा’. चहा माहीत झाल्यावरच हे नाव पडू शकतं, एवढं नक्की म्हणता येतं. पण गवताचा वापर चहानंतरचा, असं त्यावरून म्हणता येत नाही. वापर जुना आणि नाव नवं असू शकतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८३१ आणि १८५७ अशा दोन आवृत्त्या आहेत. दुसरी इंटरनेटवर शोधता येते. आपल्या विषयातला प्रत्येक ‘पारंपरिक’ शब्द त्यात एकदा पाहायची सवय लावून घ्या.

दुसरं साधन म्हणजे माणसं. आजीला पहिल्यांदा विचारलं, “तुमच्याकडे मसाला चहा कधीपासून?” ती म्हणाली, “पहिल्यापासून.” प्रश्नच चुकीचा होता. मग विचारलं, “सकाळी पातेल्यात आधी काय पडायचं?” त्यावर ती तासभर बोलली. लहानपणी गूळ, साखर फक्त पाहुण्यांना. पहिला उतारा पुरुषांचा, त्याच चोथ्यावर पाणी घालून दुसरा बायकांचा, तो अगदी फुळकवणी. “माणसं वाढली की पत्ती नाही वाढवायची, आलं वाढवायचं. वास आला की लोकांना कडक वाटतो.” आणि एक सूचना : “आलं आधी पाण्यात खळखळून उकळू दे, मग दूध. नाहीतर नासेल.” ताज्या आल्यातलं विकर दूध फाडतं आणि उकळल्यावर ते निष्प्रभ होतं, हे विज्ञान मला नंतर कळलं. पण माझ्या दृष्टीने गंमत वेगळी होती. हा नियम दुधाच्या चहाचा आहे. सुरतेच्या कपाला त्याची गरजच नव्हती. आजीच्या हातातलं हे ज्ञान एका नव्या पेयासाठी कोणीतरी, कुठेतरी, दूध नासवून मिळवलेलं आहे.

एका आजीच्या आठवणीवर प्रकरण उभं राहत नाही, हे मलाही कळतं. आता मी तीन जिल्ह्यांत असाच प्रश्न विचारत फिरतोय. पण त्या तासाभराने मला ‘अखंड’ सोडायला लावलं. अखंड परंपरा म्हटली की मधल्या माणसांना काही करायला उरत नाही. त्यांनी नुसतं पुढे द्यायचं. प्रत्यक्षात आजीने, तिच्या सासूने महाग पत्ती, रेशनची साखर आणि दारात आलेले पाहुणे यांचा हिशेब घालत चव जुळवली होती. माझ्या एका शब्दाने ते सगळे प्रयोग पुसले जात होते.

नवं वाक्य असं झालं : ‘सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेत मसाला घातलेला चहा औषध म्हणून घेतला जात असल्याची नोंद मिळते, मात्र आजचा दूध आणि मसाल्याचा उकळलेला चहा मुख्यतः विसाव्या शतकात, स्वस्त देशी पत्ती आणि घरगुती काटकसर यांतून घडलेला दिसतो.’ लांबलचक आहे, पहिल्यासारखं टाळीचं नाही. पण यातल्या प्रत्येक तुकड्याला कोणी ‘कशावरून’ विचारलं तर मी उत्तर देऊ शकतो.

खर्डा परवाच परत आला. या वेळी गोल नव्हता. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘ठीक. आता दूध कधी आलं ते शोधा.’