शितावरून भात : नमुना पाहणी आणि चुकीची हद्द

व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर युनियनचा माणूस उभा राहिला म्हणजे तो संपाविषयी नाहीतर बोनसविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही आकड्यांविषयी बोलणार आहोत, आणि सुरुवात आमच्याच आकड्यांच्या फजितीपासून करणार आहोत.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात वेतन कराराची बोलणी चालू होती. पगारात घर भागत नाही म्हणून किती कामगार कर्जात आहेत, हे आम्हांस मालकांपुढे मांडावयाचे होते. फाटकसभेला जमलेल्या सहाशे जणांकडून आम्ही छापील कागद भरून घेतले. शंभरात चौऱ्याहत्तर कर्जबाजारी निघाले. आम्ही मोठ्या ऐटीत तो आकडा मेजावर ठेवला. मालकांच्या सल्लागाराने कागद चाळले आणि एकच प्रश्न विचारला, "ह्यांत तिसऱ्या पाळीचे किती?" मोजून अकरा निघाले. "म्हणजे हा तुमच्या कामगारांचा आकडा नव्हे, तुमच्या सभेला येणाऱ्यांचा आहे." आमच्याजवळ उत्तर नव्हते. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो सभेला आधी येतो, हे आम्हांला ठाऊक असावयास हवे होते.

आमचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे ग्रंथालयात आणि एका सेवानिवृत्त गणित शिक्षकांच्या ओसरीवर झाले. त्या फजितीनंतर त्यांनी आम्हांस एक प्रश्न घातला : शितावरून भाताची परीक्षा करतात, पण शीत कुठले काढावयाचे? वरचे, की तळचे? ह्या प्रश्नाचा इतिहास शोधीत गेलो तेव्हा एक गंमत कळली. तो इतिहास बऱ्याच अंशी कामगारांच्याच घरांतून गेलेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात गरिबी मोजावयाची म्हणजे सगळी घरे मोजावयाची, अशी रीत होती. सीबोम राउनट्री यांनी १८९९ साली यॉर्क शहरातल्या कामगारांची ११,५६० कुटुंबे पाहिली. त्यांत ४६,७५४ माणसे होती. राउनट्री हे चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातले. त्यांना हे परवडले. ज्याला परवडत नाही त्याने काय करावे? नॉर्वेचे आंद्रेआस कियेर यांनी १८९५ साली बर्न येथे जगातल्या संख्याशास्त्रज्ञांपुढे सांगितले की, नीट निवडलेला अंश साऱ्या देशाचे चित्र देऊ शकतो. त्यांच्यापुढे कामगारांच्या विम्याचा आणि पेन्शनचा प्रश्न होता. जुन्या मंडळींनी त्यांना चांगलेच धारेवर धरले. मोजता येते तिथे अंदाज कशाला, असा त्यांचा सवाल होता. कियेर यांच्याजवळ ह्याचे पुरे उत्तर नव्हते, कारण अंश घेतल्याने किती चूक होईल हे त्यांना सांगता येत नव्हते.

ते सांगण्याचा पहिला धीट प्रयत्न आर्थर बोली यांनी केला. रेडिंग हे बिस्किटांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव. १९१२ साली बोलींनी तिथल्या कामगारवस्तीतल्या सुमारे वीस घरांमागे एक घर घेतले. कोणते घर, हे पाहणाऱ्याच्या मर्जीवर ठेवले नाही. रस्त्यांच्या यादीवरून ठरावीक अंतराने खुणा केल्या आणि खूण पडली त्या घरी माणसे धाडली. निष्कर्ष निघाला तो असा की, तिथल्या कामगारवर्गातला चौथ्या हिश्शाहून अधिक भाग राउनट्रींनी आखलेल्या गरिबीच्या रेषेखाली होता. मग आणखी गावे घेतली आणि १९१५ साली बर्नेट-हर्स्ट यांच्यासह त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. गरिबीचे मोठे कारण आळस किंवा दारू नसून तुटपुंजी मजुरी आहे, हे त्यात आकड्यांनी दाखविले होते. युनियनवाले हेच ओरडून सांगत होते. पण ओरडण्याला चुकीची हद्द नसते, बोलींच्या आकड्याला होती.

त्या ग्रंथात बोलींनी पाहणीत चूक शिरण्याच्या चार वाटा सांगितल्या आहेत. माणूस खोटी किंवा अपुरी माहिती देतो. आपण ज्याला 'गरीब' म्हणतो त्याची व्याख्याच ढिली असते. घरे निवडतानाच एका बाजूला झुकते माप पडते. आणि चौथी वाट म्हणजे निव्वळ योगायोग : वीस घरांतून एक घेताना कधी जास्त गरिबांची घरे येतील, कधी कमी. ह्या चौघींपैकी फक्त चौथीचे गणित करता येते. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आमचे सहाशे कागद तिसऱ्या वाटेने बुडाले होते.

हेच बोली पुढे रॉबर्टसन यांच्याबरोबर हिंदुस्थानात आले आणि देशाच्या आर्थिक गणनेची योजना त्यांनी १९३४ साली सरकारला दिली. त्याच वर्षी लंडनमध्ये ह्या शास्त्राचा खरा निकाल लागला.

तो लावणारे येर्झी नेमान हे पोलंडचे. वॉर्सा येथील सामाजिक प्रश्नांच्या एका संस्थेला पोलंडमधील कामगारवर्गाची घडण जाणून घ्यावयाची होती. खानेसुमारीचे कागद होते, पण सारे पिंजून काढण्यास पैसा नव्हता. त्यांतून नमुना कसा घ्यावा हा प्रश्न नेमान यांच्याकडे आला, आणि त्यातून निघालेला निबंध त्यांनी १९३४ च्या जूनमध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचला. नमुना आपल्या समजुतीने 'सरासरीसारखा' निवडावा, की चिठ्ठ्या टाकून निघेल तो घ्यावा, हा त्यातला एक वाद होता. इटलीत जिनी आणि गॅल्व्हानी यांनी खानेसुमारीच्या २१४ विभागांतून २९ असे बेताने निवडले होते की, काही ठळक बाबतींत त्यांची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळावी. त्या बाबतींत ती जुळली, पण इतर बाबतींत फाटली. नेमान यांनी दाखविले की दोष नमुना घेण्यात नव्हता, बेताने निवडण्यात होता. युनियनमध्ये 'प्रातिनिधिक' माणसे निवडण्याची आम्हां सर्वांना हौस असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्या निबंधात कॉन्फिडन्स इंटरव्हल ही कल्पना मांडलेली होती. १९३७ साली नेमान यांनी तिची पक्की बांधणी केली. आपल्याकडच्या पुस्तकांत तिला विश्वास्यता-अंतराल म्हणतात. आम्ही नुसते हद्द म्हणू. नमुन्यावरून एकच आकडा न सांगता 'इथपासून इथपर्यंत' असे सांगावयाचे, आणि त्याबरोबर रीत कितपत भरवशाची तेही सांगावयाचे. शंभरात पंच्याण्णवचा भरवसा म्हणजे काय, ह्यावर शिकलेली माणसेही घसरतात. ह्या एका हद्दीत खरा आकडा असण्याचा संभव पंच्याण्णव टक्के, असा त्याचा अर्थ नव्हे. खरा आकडा एकच असतो. तो हद्दीत असतो किंवा नसतो. अर्थ असा की, ह्याच रीतीने शंभर वेळा नमुना घेऊन शंभर हद्दी आखल्या, तर त्यांतल्या पंच्याण्णवच्या आसपास हद्दी खऱ्या आकड्याला पोटात घेतील. आपल्या हातातली हद्द त्या पंच्याण्णवांतली की उरलेल्या पाचांतली, हे कोणीच सांगू शकत नाही. भरवसा रीतीचा, जॉबचा नव्हे. टर्नर लोकांना हे पटकन कळते.

सभेत आभार मानावयास खुद्द बोली उभे राहिले, आणि हा 'कॉन्फिडन्स' म्हणजे भोळ्या माणसाला गंडविण्याची युक्ती तर नव्हे ना, अशी शंका त्यांनी बोलून दाखविली. आम्हांला ही शंका फार आवडते. आकडा ऐकून मान डोलावणाऱ्यांपेक्षा असा म्हातारा बरा.

त्या काळात नेमान यांच्या हाताखाली युनिव्हर्सिटी कॉलेजात एक मराठी तरुण शिकत होता : सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९३६ साली ते डॉक्टर झाले, परत येऊन शेतीसंशोधनात शिरले आणि पिकाच्या कापणीवरून उत्पन्न काढण्याचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. बंगालमध्ये महालनोबीस यांनी तागाच्या पिकाची नमुना पाहणी १९३७ पासून उभी केली होती. १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी ही त्यांचीच करणी. ह्या दोन थोर माणसांत वाद झाला तो कापणीच्या तुकड्याच्या मापावरून. तुकडा लहान घेतला की खर्च कमी, आणि तेवढ्याच पैशात तुकडे जास्त. कागदावर हा हिशेब बिनतोड दिसतो. पण सुखात्म्यांनी निरनिराळ्या मापांचे तुकडे शेजारी शेजारी कापून पाहिले, तेव्हा अगदी लहान तुकड्यांतून उत्पन्न फुगून येत असल्याचे आढळले. १९४६ साली त्यांनी ते 'नेचर' ह्या पत्रात प्रसिद्ध केले. कारण कोणाही शेतकऱ्याला समजेल असे आहे. दोरीच्या कडेवर उभे असलेले रोप आत धरावयाचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. मोठ्या वाफ्यात कडेची रोपे पोटातल्या मानाने थोडी. तुकडा जितका लहान तितकी कड जास्त. असे हजार तुकडे कापले तर हद्द अरुंद होईल, पण ती चुकीच्याच आकड्याभोवती अरुंद होईल.

मुंबईच्या कामगाराला असाच अनुभव वेगळ्या रूपाने आला. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर मिळे, त्याविरुद्ध २० ऑगस्ट १९६३ रोजी मुंबई बंद झाली. भांडण किती कुटुंबे पाहिली ह्याचे नव्हते. भाव कोणत्या मालाचे आणि कसे नोंदले ह्याचे होते. पुढे लकडावाला समितीला ते सारे तपासावे लागले.

आता पुन्हा आमच्या कारखान्याकडे. त्या फजितीनंतर आम्ही हजेरीपटाची आणि ठेकेदारांच्या गेटपासची यादी एकत्र केली. नावे सुमारे अठराशे झाली. पहिले नाव चिठ्ठीने काढले आणि मग प्रत्येक बारावे. दीडशे नावे झाली. ठरविले असे की नाव निघाले त्याच माणसाकडे जावयाचे. तो भेटला नाही म्हणून शेजारच्याचा कागद भरावयाचा नाही. तिसऱ्या पाळीच्या माणसासाठी दुपारी तीनला जावे लागे, कंत्राटी पोरांच्या खोल्या शोधताना तर पुरेवाट झाली. दीड महिन्यात एकशे एक्केचाळीस भेटले. नऊ राहिले, ते का राहिले हेही लिहून ठेवले.

एकशे एक्केचाळिसांत एकोणऐंशी कर्जबाजारी, म्हणजे शंभरात छप्पन्न. गुरुजींनी पाटीवर हिशेब मांडला : छप्पन्न शतांश गुणिले चव्वेचाळीस शतांश, त्याला एकशे एक्केचाळिसाने भाग, त्याचे वर्गमूळ, त्याची जवळजवळ दुप्पट. यादीच लहान असल्याची थोडी सूट देऊन सुमारे आठ आले. हद्द अठ्ठेचाळीस ते चौसष्ट. हद्द निम्मी करावयाची तर नावे चौपट लागतात, ते आमच्या आवाक्याबाहेरचे होते. मग गुरुजींनी त्याच सूत्रात आमचे सहाशे कागद घातले. हद्द आली साडेसत्तर ते साडेसत्त्याहत्तर. केवढी अरुंद, केवढी रुबाबदार! आणि खऱ्या नमुन्याच्या हद्दीपासून कोसभर दूर.

कार्यकारिणीत भडका उडाला. "चौऱ्याहत्तरचा आकडा हातात असताना छप्पन्न का सांगता? आणि वर अठ्ठेचाळीससुद्धा असेल असे स्वतःच कबूल करता? मालकाचा खर्च तुम्हीच वाचवा!" असे आमच्या जुन्या सहकाऱ्याने सुनावले. त्याचा राग खोटा नव्हता. ज्याच्या घरी सावकार दाराशी बसतो त्याला छप्पन्न हा आकडा आपल्या दुःखाला दिलेली सूट वाटतो. आम्ही एवढेच म्हणालो की चौऱ्याहत्तर एका प्रश्नात पडला. अठ्ठेचाळीस पडेल का, ते पाहू या. मत घेतले तेव्हा दोन मतांनी निभावले. सहकारी पुढे वर्षभर आमच्याशी कामापुरतेच बोलले.

पुढच्या बैठकीत आम्ही खालचीच हद्द पुढे केली. वाईटात वाईट धरले तरी जवळजवळ निम्मे कामगार कर्जात आहेत, एवढेच म्हणालो. सल्लागाराने ठरल्याप्रमाणे विचारले, "तिसऱ्या पाळीचे किती?" आम्ही म्हणालो, "यादीत ज्या प्रमाणात आहेत, त्याच प्रमाणात." "आणि हे नऊ?" नवांचा कागद आम्ही पुढे सरकविला. त्यांनी तो दोनदा वाचला, एक प्रत मागून घेतली आणि मालकांना म्हणाले की ह्या आकड्यावर आता वाद नको, रकमेवर बोलू या. रकमेवर बोलणी पुढे चार महिने चालली.