ब्राझीलमधील नारळाची मिष्टान्ने : उगमाचा एक प्रश्न

१

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील बाहिया व पेर्नांबुको या प्रांतांत घरोघर होणाऱ्या गोड पदार्थांमध्ये नारळाच्या पदार्थांचे स्थान मोठे आहे. खवलेला नारळ साखरेच्या पाकात आटवून केलेली 'कोकादा', अंड्यांचा बलक, साखर व नारळ यांचे पिवळेधमक 'किंदिम', नारळाच्या दुधाचा थिजवलेला 'मांझार ब्रांको' हे त्यांतील काही प्रमुख प्रकार होत. यांपैकी कोकादा एखाद्या कोकणातील गृहिणीपुढे ठेवली तर ती तिला निःशंकपणे नारळाची वडी म्हणेल. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या सुमारास रवा व नारळ यांची जी वडी करतात, तिचे नावही 'कोकाद' असेच आहे. रूप सारखे, नाव सारखे, आणि दोन्ही प्रदेश शतकानुशतके पोर्तुगालच्या अमलाखाली राहिलेले. तेव्हा आपली नारळाची वडी पोर्तुगीज गलबतांतून गोव्याहून ब्राझीलला गेली असावी, असा तर्क सहज सुचतो. तो आपल्या अभिमानालाही सुखावणारा आहे.

प्रस्तुत लेखात या तर्काची तपासणी करावयाची आहे. दोन ठिकाणी सारखी वस्तू आढळली की एकीकडून ती दुसरीकडे गेली असे मानण्याची सवय सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासात फार प्रचलित आहे. खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर ती विशेषच बोकाळलेली दिसते. नारळाच्या या मिष्टान्नांचा इतिहास पाहिला असता वृक्षाचा प्रवास आणि कृतीचा प्रवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे स्पष्ट होते. वृक्ष हिंदी महासागराच्या परिसरातून गेला यात शंका नाही. मिठाईची कृती मात्र गेली नाही. ती तेथेच घडली. ज्यांच्या हातांनी ती घडली त्यांची दखल वरील सुखद तर्कात मुळीच घेतली जात नाही, हा त्या तर्कातील खरा दोष होय.

२

प्रथम वृक्षाचा विचार करू. पोर्तुगीज येण्यापूर्वी अटलांटिक महासागराच्या कोणत्याही किनाऱ्यावर, आफ्रिकेच्या वा अमेरिकेच्या, नारळ नव्हता. २०११ साली गन, बोदुआँ व ओल्सेन या संशोधकांनी जगभरच्या तेराशेहून अधिक नमुन्यांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध केली. तीवरून नारळाचे प्रशांत महासागरीय व हिंदी महासागरीय असे दोन मूळ गट ठरतात, आणि अटलांटिक किनाऱ्यावरील नारळ दुसऱ्या गटातील आहेत. वास्को द गामाच्या १४९७ ते १४९९ च्या सफरीनंतर हे फळ आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्द बेटांवर रुजले आणि तेथून बाहियात आले. बाहियातील आगमनाचे साल साधारणतः १५५३ असे दिले जाते. ब्राझीलमध्ये नारळाला आजही 'बाहियाचा कोको' म्हणतात, ते याच कारणाने.

यानंतरचा पुरावा आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गाब्रिएल सोआरिश द सोझा हा बाहियातील एक पोर्तुगीज मळेवाला. १५८७ साली त्याने ब्राझीलच्या भूमीचे सविस्तर वर्णन लिहिले. नारळ केप व्हर्दहून आले, बाहियात माड पाच-सहा वर्षांतच फळ देतो, परंतु आठ-दहा वर्षांचा झाला की शेंड्यात कीड पडून वाळतो, असे तो सांगतो. पुढे तो जे नोंदवतो ते विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. हिंदुस्थानात माडाच्या बागांपासून जे नानाविध लाभ घेतात, त्यांची या देशात कोणी गणतीच करीत नाही, असा त्याचा अभिप्राय आहे.

ते लाभ कोणते हे पोर्तुगीजांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यापूर्वी चोवीस वर्षे, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला होता. त्यात नारळावर स्वतंत्र प्रकरण असून तेल, काथ्या, सुरा, माडाचा गूळ, इतकेच नव्हे तर नारळाच्या रसात शिजविलेला भात यांचाही उल्लेख आहे. योगायोग असा की, ओर्ता १५३४ साली ज्याच्या आरमाराबरोबर हिंदुस्थानात आला, तो मार्तीं आफोंसो द सोझा हाच १५३२ मध्ये ब्राझीलमधील सांव व्हिसेंत या वसाहतीचा संस्थापक होता. म्हणजे माणसे तीच, साम्राज्य तेच, ग्रंथही उपलब्ध. तरीही १५८७ पर्यंत माडाची विद्या बाहियात पोहोचली नव्हती. फळ गलबताच्या तळाशी पडून जाऊ शकते. ते खवून, पिळून, आटवून वापरणारे हात त्याबरोबर जातातच असे नाही.

३

दुसरा पुरावा शब्दांचा. हिंदुस्थानातून ब्राझीलमध्ये जी फळे गेली त्यांतील काहींनी आपली नावेही नेली. आंब्याचे 'मांगा' आणि फणसाचे 'जाका' ही दोन्ही मलबार किनाऱ्यावरून पोर्तुगीज भाषेत शिरलेली नावे ब्राझीलमध्ये रूढ झाली. उलट दिशेने ब्राझीलमधील तुपी लोकांचा शब्द 'काजू' या रूपाने आपल्या घरात येऊन बसला. नारळाच्या बाबतीत काथ्या व सुके खोबरे यांसाठी 'काइरो' व 'कोप्रा' हे दक्षिण भारतीय शब्द पोर्तुगीजांनी उचलले. पण हे शब्द वखारीतील व्यापारी मालाचे आहेत. स्वयंपाकघरातील एकही कोकणी वा मलयाळी शब्द ब्राझीलच्या नारळी मिष्टान्नांच्या नावांत आढळत नाही.

'कोको' हा शब्द खुद्द पोर्तुगीज आहे. करवंटीवरील तीन डोळ्यांमुळे फळ माकडाच्या तोंडासारखे दिसते म्हणून हे नाव पडले, असे ओर्तानेच सांगितले आहे. 'कोकादा' यातील 'आदा' हा प्रत्यय तर उगमाची दिशाच दाखवितो. पोर्तुगालात 'मार्मेलो' या आंबट फळाचा गर साखरेत आटवून जो घट्ट मुरंबा करतात, त्याला 'मार्मेलादा' म्हणतात. ब्राझीलमध्ये पेरूचा 'गोइयाबादा' आणि केळ्यांचा 'बनानादा' याच धर्तीवर झाले. कोकादा ही या मालिकेतील आहे. म्हणजे तिचे नाव देणाऱ्याच्या मनात नारळाची वडी नव्हती. फळ साखरेत आटविण्याची पोर्तुगीज पद्धत होती. गोव्यातील 'कोकाद' हे नावही याच पोर्तुगीज शब्दावरून आले. नावातील साम्य हे दोन बहिणींचे साम्य आहे, आई-मुलीचे नव्हे.

हा पुरावा काहीसा अभावात्मक आहे, हे मान्य केले पाहिजे. शब्द न जाता कृती गेली, असेही क्वचित घडू शकते. म्हणून कृतीचाच विचार करणे प्राप्त आहे.

४

कोकादा घरी करण्याची रीत साधी आहे. साखर व पाणी यांचा तारेचा पाक करून त्यात खवलेला ओला नारळ घालतात आणि मिश्रण कडा सोडू लागेपर्यंत सतत ढवळतात. मग भांडे उतरवून घोटतात. साखर रवाळ होऊ लागली की चमच्याने त्याचे गोळे ओल्या पाटावर अथवा संगमरवरी फरशीवर टाकतात. पांढऱ्या साखरेऐवजी 'रापादुरा' म्हणजे उसाचा गूळ घातला, अथवा साखर करपवून घेतली, की 'काळी कोकादा' होते. पाक अगोदरच उतरवला की चमच्याने खाण्याजोगी मऊ कोकादा होते. आपल्या वडीशी हे सारे जुळते खरे. पण नारळ, साखर व अग्नी एवढीच सामग्री असता दुसरी कोणती रीत संभवते? पाकाचे एकतारी, दोनतारी, गोळीबंद असे टप्पे आपल्याकडे आहेत, तसेच पोर्तुगीज पाककलेतही प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र नाव आहे. साखरेचा गुणधर्म सर्वत्र एकच असल्याने या साम्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

उगम शोधावयाचा तर जेथे सामग्री गुंतागुंतीची आहे असे पदार्थ घ्यावेत. किंदिम हा असा पदार्थ आहे. पुष्कळसे बलक, साखर, लोणी व खवलेला नारळ एकत्र करून, लोणी लावून साखर भुरभुरलेल्या साच्यात ओततात आणि साचा गरम पाण्याच्या पात्रात ठेवून भट्टीत भाजतात. भाजताना नारळ वर तरंगतो व बलकाचा पाक खाली राहतो. साचा उपडा केला की वर काचेसारखा चकचकीत पिवळा थर व तळाशी नारळ दिसतो. बलक व साखर यांचे हे मीलन पोर्तुगालच्या मठांतील मिष्टान्नांचे ठळक लक्षण आहे. तेथे त्यांच्या जोडीला बदाम असे. ब्राझीलमध्ये बदामाच्या जागी नारळ आला.

मांझार ब्रांकोची कथाही अशीच आहे. सोळाव्या शतकातील इन्फांता मारिया हिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखित पाकग्रंथात, तसेच १६८० साली छापलेल्या दोमिंगुश रोद्रिगिश याच्या पाकग्रंथात हा पदार्थ आहे. परंतु तो कोंबडीच्या मांसाचे तंतू, तांदळाचे पीठ, दूध व साखर यांचा. ब्राझीलमध्ये त्यातील मांस गेले, नारळाचे दूध व मक्याचे सत्त्व आले. पेर्नांबुकोतील एका मळेवाल्या घराण्याचे नाव धारण करणाऱ्या 'सोझा लेआंव' केकमध्ये तर गव्हाऐवजी कसावाचा लगदा, त्याबरोबर नारळाचे दूध, बलक, लोणी व पाक असा तीन खंडांचा संगम झालेला दिसतो. या सर्व उदाहरणांत सांगाडा पोर्तुगीज आहे आणि त्यात स्थानिक जिन्नस बसविलेला आहे.

येथे गोव्याशी तुलना उद्बोधक ठरते. गोव्यात सांता मोनिका हा जोगिणींचा मठ १६०६ साली स्थापन झाला, बाहियाच्या साल्वादोर नगरात देस्तेर्रोचा मठ १६७७ साली. बलक व साखर यांची विद्या दोन्हीकडे गेली. गोव्याच्या 'बिबिंक' या थरांच्या पदार्थात ती नारळाच्या रसाला भेटली. पण गोव्यात नारळ पिळणारे हात हजारो वर्षांचे जाणते होते. बाहियात तसे हात नव्हते. एकच पाहुणी विद्या एकीकडे भरल्या घरात आली, दुसरीकडे रिकाम्या. फळ दोन्हीकडे सारखे दिसले तरी प्रक्रिया भिन्न होती.

५

मग बाहियात ते हात कोणाचे होते? अटलांटिक गुलामव्यापारात सुमारे ४८ लक्ष आफ्रिकी माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली. उसाच्या मळ्यांतील, मळेवाल्यांच्या वाड्यांतील आणि मठांतील स्वयंपाकघरे आफ्रिकी दासींच्या श्रमावर चालत. या स्त्रियांनी नारळाची विद्या आपल्या देशातून आणली, असे म्हणणेही बरोबर नाही. त्यांतील बहुसंख्य ज्या पश्चिम किनाऱ्यावरून आल्या तेथे नारळ नवखाच होता. त्यांच्या परिचयाचा वृक्ष म्हणजे तेल देणारा 'देंदे' हा ताड. एका वृक्षाची जाण दुसऱ्याला लावीत, मालकिणीची बलक-साखरेची रीत शिकत, हाताशी असलेल्या जिन्नसांवर प्रयोग करीत त्यांनी ही पाकविद्या रचली. ती कोणाच्याही वारशातून आयती आलेली नव्हती.

या घडणीचा कालखंड साधारणपणे निश्चित करता येतो. १५८७ मध्ये सोआरिशला नारळाचा उपयोग करणारे कोणी दिसले नाहीत. १८०२ मधील लुईश दुश सांतुश व्हिलेन्या या साल्वादोर येथील ग्रीक भाषेच्या अध्यापकाची पत्रे पाहावीत. नगरातील श्रीमंतांच्या घरांतून आठ-आठ, दहा-दहा गुलाम खाद्यपदार्थ विकण्यास रस्त्यावर पाठविले जातात, याचा त्याला संताप येतो. त्याने दिलेल्या यादीत नारळातील भात, नारळातील घेवडा आणि साखरेच्या गोळ्या आहेत. म्हणजे दोन शतकांच्या अवकाशात नारळ हा नगराच्या नित्य आहाराचा भाग झाला होता. यांपैकी भाताची कृती हिंदुस्थानच्या गलबतांतून अथवा मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आली असणे शक्य आहे. आपला निष्कर्ष मिष्टान्नांपुरताच आहे.

व्हिलेन्याला जे लाजिरवाणे वाटले ते या स्त्रियांच्या दृष्टीने निराळे होते. विक्रीतील ठरावीक रक्कम मालकाला देऊन उरलेली स्वतःकडे ठेवण्याची प्रथा होती, आणि अशा साठवणीतून काहींनी आपली मुक्तता विकत घेतली. १८८८ साली गुलामगिरी नष्ट झाल्यावर हाच व्यवसाय अनेकींचा उदरनिर्वाह ठरला. साल्वादोरच्या चौकांत पांढऱ्या वस्त्रांतील बाहियाच्या स्त्रिया आजही पाटीवर इतर पदार्थांबरोबर काळी व पांढरी कोकादा विकतात. त्यांचा हा व्यवसाय २००५ साली ब्राझीलच्या राष्ट्रीय वारशाच्या नोंदवहीत दाखल झाला.

लिखित परंपरेने मात्र त्यांना न्याय दिलेला नाही. झिल्बेर्तो फ्रेइरे यांनी १९३९ साली 'आसुकार' म्हणजे 'साखर' या नावाने ईशान्येकडील मिष्टान्नांच्या कृती संग्रहित केल्या. एका विद्वानाने पाककृती इतिहासाचे साधन म्हणून हाती घ्याव्यात, हे त्या काळी धाडसाचे होते. पण त्यांतील कित्येक पदार्थ मळेवाल्या घराण्यांच्या नावाने ओळखले जातात. चुलीपुढे उभ्या राहिलेल्या स्त्रीचे नाव त्यांत नाही. वाड्यातील जीवनाकडे पाहण्याच्या फ्रेइरे यांच्या दृष्टीत जो हळवेपणा आहे, त्यावर पुढील पिढीच्या समाजशास्त्रज्ञांनी घेतलेले आक्षेप येथेही लागू पडतात.

६

विसाव्या शतकात कृती पुन्हा बदलली. १९२१ साली सांव पाउलु प्रांतातील आरारास येथे आटविलेल्या डबाबंद दुधाचा कारखाना निघाला आणि पुढील दशकांत हे दूध घरोघर पोहोचले. डबाबंद दूध, लोणी व नारळाचा कीस आटवून, गोळ्या वळून, त्यावर एकेक लवंग टोचलेले 'बेइजिन्यो' हे मुलांच्या वाढदिवसाचे पक्वान्न झाले. पाकाची तार ओळखण्याचे व तासभर घोटण्याचे कौशल्य आता अनावश्यक ठरले. दासीच्या श्रमांची जागा डब्याने घेतली, असे म्हणता येईल. याही पदार्थाला शंभर वर्षांनी कोणी प्राचीन ठरवील, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

सारांश, कोकादा ही आपल्या वडीची कन्या नाही. तिचा वृक्ष आपल्या समुद्राचा, नाव व सांगाडा पोर्तुगालचा, साखर ब्राझीलच्या मळ्यांची आणि घडण आफ्रिकी स्त्रियांच्या हातची. तिचे जनकत्व आपल्याकडे घेण्यात आपण पोर्तुगीजांचे काही हिरावून घेत नाही. ज्यांचे आधीच सर्व हिरावले गेले, त्यांची एकमेव निर्मितीही हिरावून घेतो. गोव्यातील ख्रिस्ती घरांतील हस्तलिखित पाकवह्या अद्याप अनेक ठिकाणी शिल्लक आहेत. त्यांची ब्राझीलमधील तशाच वह्यांशी तुलना झाल्यास वरील विवेचनात भर पडेल, कदाचित दुरुस्तीही होईल. ते काम तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावे. मात्र वह्या वाचताना त्या लिहिणाऱ्यांइतकाच, ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचाही शोध घ्यावा.