जुने ते पारखून

१९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल खुला झाला आणि वाशीत नवे संसार मांडले जाऊ लागले. जुने सामान घेण्यात कमीपणा तो कसला? त्यासाठी मुंबईचा चोरबाजार होताच. खाडीच्या दमट हवेत भुशाच्या फळीचे कपाट फुगते, जुने सागवानी टिकते. मात्र घेताना मागची फळी टिचकीने वाजवावी. वाळवीने पोखरलेली असल्यास आवाज पोकळ येतो.

कपड्यांत आजीचे सुती लुगडे सर्वांत हिशेबी. उन्हाळ्यात नेसायला, थंडीत दुहेरी करून पांघरायला, जीर्ण झाल्यावर बाळाची दुपटी नि शेवटी गोधडी. दारावरच्या बोहारणीचा डोळा मात्र जरीच्या लुगड्यावर असे. बदल्यात मिळे एक पातेले. खरी जर जाळली की चांदी निघते, हे पुष्कळींना फार उशिरा कळले!