एमपीथ्री उलगडायचा हक्क कुणाचा?

तर मंडळी, दाबून लहान केलेला आवाज परत उलगडतो तो डिकोडर. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एमपेग-1 मानकानं डिकोडरचं काम काटेकोर ठरवून दिलं, फाइल बनवणारा एन्कोडर मात्र बराच मोकळा सोडला. फार शहाणपणाचा निर्णय! त्यामुळे 'लेम'सारखे एन्कोडर पुढे सुधारत गेले, तरी त्यांच्या फाइली वाजवायला नवा डिकोडर लागला नाही.

पण नियम छापलेला असला, तरी त्यावर पेटंटं होतीच. म्हणून 2002 मध्ये रेड हॅटनं आपल्या लिनक्समधून एमपीथ्री वाजवायची सोयच काढून टाकली. त्याच घराण्यातल्या फेडोरात डिकोडर अधिकृतपणे आला, तो थेट 2016 मध्ये. चौदा वर्षं! तोवर लोक बाहेरून डिकोडर आणून बसवत, आणि गाणी ऐकत.